हिरावयनी आणि एका गोधडीची पाठ

फोन आला तेव्हा मी अलिबागच्या बाजारात एका कापडदुकानात उभी होते आणि दुकानदाराची कात्री फ्लॅनेलच्या कापडात अर्ध्यावर गेली होती. पिवळं फ्लॅनेल, त्यावर एवढे एवढे हत्ती. फोन मोठ्या भाऊजींचा होता, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा. हा माणूस समोर बसलेल्याशी बोलायचा कंटाळा करतो, तो फोन कशाला करेल... "मास्तरीण, घरी ये," म्हणाले. काय झालं ते मी विचारलं. मग म्हणाले, "हिरी उठत नाय." दुकानदार कात्री तशीच धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. "बाई, कापू ना?" मी काय बोलले ते आठवत नाही, पण त्याने कापलं असणार, कारण रेवदंड्याच्या रिक्षात बसले तेव्हा ते हत्ती माझ्या मांडीवर होते.

वाटभर मी चिडलेली होते. "उठत नाय" म्हणजे काय ते मला कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी आमचं सकाळचं भांडण मनातल्या मनात पुढे चालवत बसले. घरी गेले की आता हे म्हणेन, ती तसं म्हणाली की मी असं म्हणेन. चौल मागे पडलं, खाडीचा वास आला, तरी माझे मुद्दे संपले नव्हते. घरी पोहोचले तर आळीतल्या बायका ओट्यावर दाटीने उभ्या होत्या आणि हिरावयनी मधल्या खोलीत चटईवर निजवलेली होती. बंदरावर जाऊन आली होती, भात चुलीवर ठेवला होता, जरा पडते म्हणाली आणि पडली ती पडलीच. मी पिशवी हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला उलट उत्तर दिलं नाही.

हिरावयनी माझी थोरली जाऊ. कोळीवाड्यात तिला सगळे हिराबाय म्हणायचे. मी नागावच्या वाडीतली मुलगी, इथल्या प्राथमिक शाळेत नोकरीला लागले आणि इथल्याच घरात सून म्हणून आले. पहिल्या दिवसापासून तिने माझं नाव टाकून मला 'मास्तरीण' केलं ते शेवटपर्यंत. आमची दोन घरं, पण ओटा एक. माझे यजमान फार लवकर गेले. त्यानंतर मी शाळेत जायची आणि माझी प्रणाली वयनीच्या कमरेवर बसून मासळीबाजारात जायची. पोरगी बोलायला लागली ती पापलेटाचा भाव सांगत आणि वयनीला 'मोठी आई' म्हणतच. मी शुद्ध भाषा शिकवायला घ्यायची आणि वयनी म्हणायची, "तुझी शाळा तिकडं. हिथं गिऱ्हाईक पलून जातंय." आम्ही दोघी कशावरूनही भांडायचो. आमटीत कोकम किती, दाराला कडी कधी लावायची, कोणत्या पोराला कोणती पोरगी शोभेल... आणि भांडण झालं की तासाभरात तीच माझ्या दारात वाटी घेऊन उभी. वाटीत काय असेल ते असो, तोंडाने मात्र म्हणणार, "जास्तीचा झाला म्हनून आनलाय."

मासळी विकून आली की दुपारी ती गोधड्या शिवायची. स्वतःसाठी किंवा विकायला नव्हे, आळीत ज्या कुणाच्या घरी बाळ येणार असेल त्याच्यासाठी. आमच्या आळीत बाळाची पहिली गोधडी हिराबायच्या हातची, हे धरूनच चाललेलं असायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गोधडीला वरून रंगीबेरंगी तुकडे जोडलेले असतात, मधे जुन्या कापडाचे थर, आणि खालून एकच अखंड कापड लावतात. त्या खालच्या कापडाला आम्ही पाठ म्हणतो. तुकड्यांची बाजू लोकांना दाखवायला. बाळाला निजवायचं ते पाठीवर, कारण तिथे जोडाची शिवण नसते, काही टोचत नाही. शिवताना पाठ आधी जमिनीवर पसरायची, तिच्यावर थर, सगळ्यात वर तुकडे, आणि मग कडेपासून आत आत टाके घालत यायचं. म्हणजे पाठ ठरल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. आणि आमच्याकडे पाठ विकत आणत नाहीत. लेकुरवाळ्या बाईने वर्षानुवर्षं नेसून मऊ केलेलं सुती लुगडं तिच्या दारात जाऊन मागायचं, आणि तिने ते आपल्या हाताने द्यायचं. तिच्या पोटी जसं पिकलं तसं या बाळालाही आयुष्य लाभो, अशी त्यामागची समजूत.

लुगडं पारखायची वयनीची रीत बघण्यासारखी होती. आधी ती कापड उजेडाकडे धरायची, मग डोळा मिटून पापणीवर फिरवायची, आणि शेवटी एक कोपरा चक्क जिभेला लावायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंड वाकडं केलं. तर म्हणाली, "खार हाय का बघतंय." आमच्या बायकांचा जन्म बंदरावर जातो. टोपल्या कमरेला टेकून टेकून लुगड्यात मीठ मुरतं. वरून कळत नाही, धुतल्यावर कापड चांगलं दिसतं, पण पावसाळी हवेत ते ओल ओढून घेतं आणि गोधडी चार-चार दिवस वाळत नाही. बाळाला सर्दी ठरलेली. म्हणून खारं लुगडं परत. कितीही मऊ असलं तरी परत, आणि देणारीला राग आला तर येऊ दे.

ही अक्कल तिला उगाच आली नव्हती. प्रणालीच्या वेळी आमच्या सासूबाईंचं लुगडं पाठीला घेतलं होतं. लोण्यासारखं मऊ. ते आधी सोडे, म्हणजे सोललेली कोलंबी, वाळवताना वर झाकायला वापरत होते, हे सासूबाईही विसरल्या आणि वयनीनेही विचारलं नाही. तिने धू धू धुतलं, निरम्यात भिजवलं, उन्हात टाकलं, कुणाला काही वास आला नाही. पण आला नाही तो फक्त माणसांना. बारशाला पाळणा हलवायला बायका वाकल्या तर पाळण्याखाली आळीतली झाडून सगळी मांजरं. एक हाकलावं तर दुसरं यायचं. एक तर सरळ पाळण्यात चढून प्रणालीच्या पायाशी मुटकुळं करून झोपलं. पोरगी खुशीत होती! वयनीचा चेहरा मात्र पडक्या घरासारखा झाला होता. त्यानंतर जिभेला लावून बघितल्याशिवाय तिने कोणतंही कापड घेतलं नाही, आणि मांजरांचा विषय मी काढला की आठवडाभर मला कालवण मिळायचं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते, मघापासून मी त्याच्या भोवती फिरते आहे. वयनीला मूल झालं नाही. देव झाले, डॉक्टर झाले, मुंबईला जाऊन झालं. नंतर तिने ते सोडून दिलं आणि गोधड्या धरल्या. आळीतल्या निम्म्या पोरांना तिच्या टाक्यांनी ऊब दिली असेल, पण त्यातल्या एकाही गोधडीला तिच्या लुगड्याची पाठ नव्हती. कुणी मागितलं नाही आणि तिने दिलं नाही. बारशाला गोधडी पाळण्यात घालायची, बाळाच्या गालाला बोट लावायचं आणि ओट्या भरायला सुरुवात झाली की चहा टाकायला म्हणून आत निघून जायचं, हे तिचं ठरलेलं. तिला आत जा असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पण बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. मला त्याचा संताप यायचा. मी शाळेत पोरांना चार गोष्टी शिकवणारी बाई, मी एकदा तसं बोलून दाखवलं तर तीच माझ्यावर खेकसली, "गप बस. लोकांची पोरा हायत. तुझा शानपना तिथं नको."

मागच्या वर्षी प्रणालीला दिवस राहिले. त्याआधी एकदा राहिले होते आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्या वेळी वयनी महिनाभर सुईला शिवली नव्हती. या खेपेला तिने सातवा महिना लागेपर्यंत कात्री हातात घेतली नाही. मग एकदम सुरुवात केली. प्रणालीचे शाळेतले फ्रॉक, भाऊजींचा लग्नातला सदरा, माझ्या एका साडीचा पदर... तुकडे जोडून वरची बाजू तयार झाली, मधले थर बेतून झाले, आणि मग पाठीवर येऊन गाडं अडलं. म्हसळ्याहून प्रणालीच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, स्वतःचं हिरवं नऊवारी पाठवलं. चार लेकरांची आई, लुगडं सुती, मऊ, आणि म्हसळं समुद्रापासून आत, म्हणजे खाराचा प्रश्न नाही. प्रणालीचं म्हणणं, "आई, फ्लॅनेल घे ना, मशिनमध्ये टाकता येतं." आणि माझं म्हणणं एकच होतं. या पोरीला जिने कमरेवर वाढवलं, तिचंच लुगडं पाठीला पाहिजे.

वयनी ऐकायला तयार नव्हती. आधी म्हणाली, माझी लुगडी खारी. मी म्हटलं, धुऊ. म्हणाली, जुनी झालीत, फाटतील. मी म्हटलं, जुनीच तर लागतात. म्हणाली, विहीणबाईंना काय वाटेल. मी म्हटलं, त्यांचं मधल्या थरात घालू. असं आठवडाभर चाललं. शेवटी त्या दिवशी सकाळी मी हट्टालाच पेटले, तेव्हा तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तरीण, काय वंगाल झाला तर लोका मना काय बोलनार नाय. पन मीच मना बोलन. मरंपर्यंत बोलन. मना त्यात घालू नको." उत्तर नसलं की मला राग येतो. "बरं, मग फ्लॅनेलच आणते, नको तुझं आणि नको त्यांचं," असं म्हणून मी पिशवी उचलली आणि अलिबागची रिक्षा धरली. मागून तिने आवाज दिला, "येताना सुया आन, बारीक." तेच शेवटचं बोलणं. मी सुया आणायची विसरले.

ती गेल्यावर मला एका जागी बसवेना. अजून बसवत नाही. हे लिहितानाही मधे तीनदा उठून ओट्यावर जाऊन आले. तिचं दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा निदान कुणाला चहा दे, कुणाला पाट दे, असं काही ना काही होतं. प्रणाली पोटुशी म्हणून तिला कुणी येऊ दिलं नाही. ती म्हसळ्याहून फोनवर रडायची आणि मी इकडून "रडू नको, बाळाला त्रास होईल" म्हणत रडायची. माणसं गेली आणि घरात गोधडीचे तुकडे, तिचे थर, विहीणबाईंचं हिरवं, माझे हत्ती आणि मी उरलो. बाळंतपण जवळ येत चाललं होतं. बाळ येईल ते हिराबायच्या गोधडीवर झोपेल, एवढं तरी व्हायलाच हवं होतं, आणि पाठ ठरत नव्हती.

लोकांना वाटेल, आता काय अडचण? नाही म्हणणारी गेली, माझ्या मनासारखं करायला मोकळी. मलाही तसंच वाटलं होतं. पण ती असताना मी फार शूर होते, कारण ती नाही म्हणणार हे मला माहीत होतं. आता नाही म्हणायला कुणी उरलं नाही आणि मीच मागे सरायला लागले. पाचव्या महिन्यातली ती प्रणाली आठवायची, दवाखान्यातल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टी मानत नाही, असं स्वतःला बजावायची आणि पुढच्या क्षणी विहीणबाईंचं हिरवं लुगडं उलगडून जमिनीवर पसरायची. मग वयनीचा चहा टाकायला आत जाणारा पाठमोरा पदर आठवायचा, की हिरवं परत घडी. दिवसभर हेच. शेवटी मी प्रणालीला फोन लावला आणि सरळ विचारलं. तिने आधी तिकडचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "आई, मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू? पण मोठ्या आईचं नको, असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही. तू तसं म्हणवून घेऊ नकोस." झालं, म्हणजे पुन्हा माझ्यावरच.

आणखी एक पेच होता. पाठ मागून घ्यायची असते आणि देणारीने हाताने द्यायची असते. गेलेल्या बाईकडे मागायचं कसं? तिच्या पेटीतून मी परस्पर उचललं तर ती चोरीच झाली. गेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकायचे म्हणून नात्यातल्या बायका आल्या तेव्हा भाऊजींनी पेटीवर हात ठेवला आणि "ऱ्हाऊ दे" एवढंच म्हणाले. त्या दुपारी ते ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. थोरल्या दिरांशी मी कधी डोळ्याला डोळा भिडवून बोललेली नाही. पदर पसरला आणि म्हटलं, "भाऊजी, प्रणालीच्या बाळाच्या गोधडीला वयनीचं लुगडं पाठीला पाहिजे. मागायला आले." पुरुषाकडे पाठ मागितलेली आळीत कुणी ऐकली नसेल. त्यांनी जाळ्यातली सुई थांबवली. "ती देत नव्हती ना?" म्हणाले. मी म्हटलं, "नव्हती देत." त्यांनी मान हलवली आणि सुई पुन्हा चालू केली. ना हो, ना नाही. मी पदर सावरून आत आले, कारण दुसरं काय करणार.

दोन दिवसांनी दुपारी मागच्या वाडीतून रहाटाचा आवाज यायला लागला. बघते तर भाऊजी विहिरीवर. या माणसाने जन्मात कधी रुमाल धुतला नव्हता. दगडावर वयनीचं चौकडीचं लुगडं, एके काळी मोरपिशी होतं, आता राखाडीकडे झुकलेलं. ते भिजवत होते, पिळत होते, पाणी टाकून देत होते, पुन्हा शेंदत होते. मी पुढे झाले तर हाताने लांब राहा म्हणून खुणावलं. संध्याकाळी ते ओलं लुगडं घेऊन माझ्या दारात आले, त्याचा कोपरा पुढे केला आणि म्हणाले, "चाखून बघ." मी चाखला. खारट होता. तसं म्हटलं. ते परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रहाट वाजायला लागला. असे किती दिवस गेले मी मोजले नाहीत. रोज ते कोपरा घेऊन यायचे, मी चाखायची आणि मान हलवायची. तिच्या उभ्या जन्माचं बंदर त्या कापडात होतं, ते लवकर निघणार कसं? माझ्या मनात यायचं, सगळंच निघू नये. आणि लगेच वाटायचं, नाही, निघू दे, बाळाला त्रास नको. मग एका संध्याकाळी जिभेला काहीच लागलं नाही. नुसतं कापड. "गोडा झाला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा त्यांनी लुगड्याची नीट चौघडी घातली, दोन्ही हातांनी माझ्या पदरात ठेवली आणि जाळ्यापाशी जाऊन बसले.

शिवायला मी बसले. माझा टाका म्हणजे वर्गातल्या कच्च्या पोराचं अक्षर, वर-खाली, लहान-मोठं. पाठ पसरली, विहीणबाईंचं हिरवं मधे घातलं, वर वयनीने जोडलेले तुकडे. कडेने सुरुवात केली. अर्ध्यावर आले आणि प्रणालीचा फोन आला की बाळाचं वजन कमी भरतंय, डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलंय, घाबरण्यासारखं नाही म्हणाल्या. घाबरण्यासारखं नाही, असं कुणी म्हटलं की माणूस दुसरं काय करतं? मी फोन ठेवला, ब्लेड घेतलं आणि कडेचे टाके उसवायला लागले. हात आपोआप चालत होते. अजून वेळ आहे, हिरवं घालू, हिरवंच घालायला हवं होतं, तीही तेच सांगत होती, आपण कशाला शहाणपणा केला... एक अख्खी ओळ उसवून झाली तेव्हा मान वर केली. समोर ओट्यावर भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्यांनी काही म्हटलं असतं तर मी भांडले असते, मला भांडायचंच होतं. पण त्यांनी नुसती मान वळवली आणि खाडीकडे तोंड करून बसले. त्यांच्या त्या वळलेल्या मानेने मला काय झालं ते सांगता येत नाही. मी ब्लेड टाकलं, ढसाढसा रडले, आणि रडत रडतच सुईत दोरा ओवला. तो भाग सगळ्यात वेडावाकडा झाला आहे, कुणीही ओळखेल.

प्रणाली नवव्यात माहेरी आली. गोधडी बघून तिने ती उलटी केली आणि पाठीला गाल लावला. घाबरली का, असं मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. उन्हाळा रणरणत होता. भाऊजी सकाळ-संध्याकाळ ओट्यावर येऊन "बरी हाय?" विचारायचे आणि "बरी हाय" ऐकलं की परत फिरायचे. शेवटी मुलगी झाली. वजनाने थोडी हलकी, पण आवाज असा की दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, ही बाजारात चांगली चालेल. मी आनंदाने रडले आणि त्यात एक घट्ट घट्ट असलेलं काही तरी सुटलं, ते मला तेव्हाच कळलं. तरी पुरतं सुटलं नव्हतं, कारण विहीणबाई यायच्या होत्या.

बाळ घरी आलं त्याच आठवड्यात त्या आल्या. सोबत अळिवाचे लाडू, बाळंतविडा, सगळं. बाई मनाने चांगल्या, पण रीतीभातीला पक्क्या. नातीला मांडीवर घेतली, गोधडीसकट. तुकड्यांचं कौतुक केलं. मग आपलं हिरवं बघायला म्हणून सहज कोपरा उलटला आणि थांबल्या. राखाडी चौकडी. त्यांनी बोटाने कापड चाचपलं, माझ्याकडे बघितलं. प्रणालीने पलंगावरून माझ्याकडे बघितलं. "ही पाठ कोणाची ओ?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी ते कित्येक दिवस घोकत होते, कमरेवर वाढवलेलं पोर, तुमचंही आत आहे, आजकाल असलं कोण मानतं, सगळे मुद्दे ओळीने. मी तोंड उघडलं, पण त्याआधीच मागून आवाज आला.

"आमची हाय."

भाऊजी दारात उभे होते. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत ते कधी येत नाहीत, त्या दिवशी आले होते. खांद्यावर जाळं तसंच. "आमची हाय पाठ," ते पुन्हा म्हणाले, "हिरीची न् माझी."

विहीणबाई त्यांच्याकडे वळल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, उठल्या, बाळाला त्या गोधडीत गुंडाळून दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "मग घ्या की तुमची नात. मी किती वेळ धरू?" भाऊजींनी जाळं खाली टाकलं. हात पंच्याला पुसले. तळवे बघितले, पुन्हा पुसले. जाळ्याचा, खाडीचा, मासळीचा कसला वास राहिला असेल म्हणून नाकाशी नेऊन बघितले आणि परत पुसायला लागले. विहीणबाई बाळ पुढे करून उभ्या होत्या, आणि भाऊजींचं हात पुसणं काही संपत नव्हतं.